आगतोंड्याची शेपटी

खुर्सीपार, भिलाई
६ नोव्हेंबर १९६०

चि. ललितास धोंडबामामाचा जय भीम.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझे पत्र ऑगस्टात आले आणि आज नोव्हेंबर लागला. कागद आणला तेव्हा दौत सुकलेली होती. दौत भरली तर काय लिहावे ते सुचेना. शाळेत शिकवणाऱ्या भाचीला पत्र लिहायचे म्हणजे माझ्यासारख्या तिसरी पास माणसाचा हात अडतो. तुझी प्रकृती बरी आहे ना? नागपुरात तापाची साथ आहे असे इथे कोणी म्हणाले, तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. पाणी उकळून पीत जा.

इकडे माझा बळीराम बरा आहे. लोखंडाच्या भट्टीवर खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर आहे, तीन पाळ्यांत काम चालते. काळजी त्याच्या लेकीची, हिराची आहे. आई भागीरथा वारल्यावर पोर वर्षभर तुमसरला तिच्या आजीकडे, ठकूबाईंकडे होती ते तुला ठाऊक आहे. जूनमध्ये बळीरामने तिला इथे आणले. शाळेत नाव घातले. पहिले पंधरा दिवस गेली, मग जी घरात बसली ती बसलीच. उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. कारखान्याचा भोंगा झाला की खाटेखाली जाते. बळीराम तिला उचलून शाळेत न्यायला निघाला तर तिने दाराची चौकट सोडली नाही, बोटे सुजली.

मास्तर म्हणाले, पंधरा जानेवारीपर्यंत पोर आली नाही तर नाव काढावे लागेल. बळीराम म्हणतो, मग तिला तुमसरलाच ठेवू. ललिता, ही पोर आल्यापासून दोन महिने बापाला 'ते' म्हणत होती. 'ते आले, ते जेवले.' आता कुठे 'बाबा' म्हणू लागली आहे. पुन्हा तुमसरला गेली तर बाप लेकीला पुन्हा भेटेल का, आणि भेटला तर ती त्याला काय म्हणेल, हे माझ्याच्याने बघवणार नाही.

आता कामाचे. परवा एक रशियन इंजिनियरची बाई आमच्या गल्लीतून गेली. खांद्यावर लोकरीची शाल होती आणि शालीवर मोठे पाखरू विणलेले, लाल पंखांचे. हिरा दाराआडून बघत होती. मला म्हणाली, "आबाजी, ते पाखरू तिले चावत नाही का?"

मी म्हटले, "अंगावर घेतलेलं पाखरू चावत नसते."

ती एवढा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली, चार महिन्यांत पहिल्यांदा.

तू ट्रेनिंगात क्रोशा शिकलीस. मला शिकव. मला हिरासाठी शाल करायची आहे. पाखराची नको, एका जनावराची. सुई मी सायकलच्या स्पोकची घासून केली आहे.

तुझा मामा
धोंडबा


इंदोरा, नागपूर
१४ नोव्हेंबर १९६०

आदरणीय मामाजींस ललिताचा जय भीम.

पत्र वाचून आधी हसले, मग हिराचे वाचून हसू गेले. मला ताप नाही. पाणी उकळते.

मामाजी, शाल मी करून पाठवते. आठ दिवसांचे काम आहे. गुलाबाच्या फुलांचा एक छान नमुना माझ्याकडे आहे, मुलींना आवडतो. एकतीस वर्षे रेल्वेलाइनीवर हातोडा चालवलेल्या हातांनी लोकर कशाला धरायची? आणि जनावर कसले? ससा का हरीण?

तरी तुम्ही विचारले म्हणून लिहिते. आधी साखळी घालायची, ऐंशी घरांची. ती तुम्हाला आईने शिकवली असेलच, गोधडीचा दोरा संपवताना ती तशीच घालत असे. मग खांब. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा, सुई घरात घालायची, लोकर ओढून काढायची. सुईवर तीन वेढे होतील. दोन सोडायचे, पुन्हा दोन सोडायचे. झाला एक खांब. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटायचे आणि परत यायचे. प्रत्येक ओळीत ऐंशी खांब.

राखाडी आणि लाल लोकर पार्सलने पाठवली आहे. स्पोकची सुई लोकर फाडेल, म्हणून हाडाची एक सुईही ठेवली आहे.

हिराला भोंग्याची भीती कधीपासून वाटते? तुमसरला ती रेल्वेच्या शिटीला भीत नव्हती. मी गेल्या वर्षी तिला भेटले तेव्हा गाडी बघायला तीच मला ओढत फाटकाकडे नेत होती.

आपली
ललिता


खुर्सीपार, भिलाई
२८ नोव्हेंबर १९६०

चि. ललितास जय भीम.

पार्सल मिळाले. गुलाबाची फुले नकोत. ससा नको, हरीण नको. आणि शाल मीच करणार, तू करू नकोस. का ते विचारू नकोस.

जनावर असे आहे. अंग लोखंडाचे, डोक्यावर दोन शिंगे, पाठीवर पत्र्यासारखे खवले, तोंडातून जाळ. राजहऱ्याच्या खाणीतला लाल दगड खाते आणि तांदुळा धरणाचे पाणी पिते. त्याचे नाव आगतोंड्या. असे जनावर क्रोशात बसते का?

काम सुरू केले आहे. दुपारी दारात बसून करतो. शेजारचा शामराव पाळीवरून आला, बघत उभा राहिला.

"काय धोंडबा, रेलवेनं रिटायर केलं का बाई केलं तुमाले?"

मी म्हटले, "शामराव, तुमच्या बनियनला मागून भोक हाये. आणा इकडे, बुजवून देतो."

गल्लीतल्या बाया हसल्या. तो गेला. पण हिरा आतून हसली, ते मी ऐकले.

आता संकट सांगतो. लोकर खराब आहे की माझ्यावर कोणाची नजर आहे कोण जाणे. ऐंशी खांबांनी सुरुवात केली, देवाशपथ नाही, पण खरेच ऐंशी. आज सदतीस ओळी झाल्या आणि मोजले तर त्रेचाळीस. शाल दोन्ही कडांनी आत चालली आहे, जशी लांब गेलेली लाइन दोन रुळांनी एकत्र येताना दिसते. मी एकही घर सोडत नाही. रोज मोजतो, रात्री झोप लागत नाही. लोकर आटते का? पाणी लागले की आटते असे ऐकले, पण मी पाणी लागू दिले नाही.

हिरा शेजारी बसते. लोकरीचा गुंडा धरते. विचारते, "आबाजी, हे आगतोंड्याचंच आंग हाये?" मी हो म्हणतो. मग ती गुंडा जरा लांब धरते, पण सोडत नाही.

लवकर लिही. पंधरा जानेवारी जवळ येते आहे आणि शाल संपत चालली आहे, म्हणजे उलट्या बाजूने.

तुझा मामा
धोंडबा


इंदोरा, नागपूर
५ डिसेंबर १९६०

आदरणीय मामाजींस जय भीम.

लोकर आटत नाही. नजर तर मुळीच नाही. मला एकच सांगा, ओळीच्या शेवटच्या खांबात तुम्ही सुई घालता का? नेमके काय करता ते जसेच्या तसे लिहा.

दुसरे. शामरावांना दिलेले उत्तर मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवले. आमच्या सिंधुताई म्हणाल्या, तुमच्या मामांना इथे शिवणाच्या तासाला बोलवा.

तिसरे, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. आगतोंड्याचे नाव हिराला कोणी सांगितले? दगड खातो, धरणाचे पाणी पितो, हे सात वर्षांच्या मुलीच्या मनातले नाही. तिला राजहरा कुठून माहीत? मी वर्गात साठ मुली सांभाळते, मामाजी. एखादी गोष्ट मुलीची स्वतःची असते आणि एखादी तिला कोणी दिलेली असते. ते ओळखू येते.

ललिता


खुर्सीपार, भिलाई
१८ डिसेंबर १९६०

चि. ललितास जय भीम.

तुझ्या पत्राला तेरा दिवस उत्तर दिले नाही. आधी खांबाचे लिहितो, ते सोपे आहे.

मी चावीवाला होतो. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन माझ्या हद्दीची लाइन चालायची, रुळाला घट्ट धरणाऱ्या चाव्या ठोकायच्या. आमच्यात नेम असा की हद्दीचा शेवटचा, रुळाखालचा स्लीपर आपण सोडायचा. तो पुढच्या गँगचा. दोघांनी ठोकला तर भांडण होते, मुकादम विचारतो. एकतीस वर्षे मी शेवटचा स्लीपर सोडून परत फिरलो. शालीचेही तसेच केले. शेवटचा खांब दिसला की हात आपोआप थांबे. मनात येई, हा पुढच्या ओळीचा. तुझे पत्र वाचले आणि दुपारभर शरमेने सुई धरली नाही.

आता दुसरे. बळीराम पाळीवर आहे आणि हिरा झोपली आहे, म्हणून लिहितो.

आगतोंड्या मी सांगितला.

जुलैत आमच्या दारासमोर पाण्याच्या नळासाठी मोठी चर खणली, माणूसभर खोल. दिवसभर मातीचे ट्रक. पावसात एक बकरी त्या चरीत पडली, बाहेर निघालीच नाही. हिरा शाळेतून येताना त्याच चरीच्या काठाकाठाने उड्या मारत यायची. मला धाप लागते, मी तिच्यामागे धावू शकत नाही. मी तिला रागावलो, ऐकले नाही. मग एक दिवस म्हटले, "खबरदार. त्या चरीतून आगतोंड्या हिंडतो. तिकडे कारखान्यात त्याचं घर हाये. तो भोंगा नाही, त्याले भूक लागली म्हणून वरडते. एकट्या पोराले धरते."

मला वाटले, चार दिवस काठावरून दूर चालेल. ती घरातच बसली. मला आधी बरेच वाटले, ललिता. पोर डोळ्यांपुढे आहे, चरीत पडणार नाही, असे वाटले. हे मी कोणाला सांगितले नाही.

मग ऑगस्टात एक दिवस मला कळले. बळीराम पाळीवरून आला की ही त्याचा हात धरून बसते आणि एकेक बोट मोजते. बळीरामला वाटते, पोरीला माया लागली. तो हसत हात पुढे करतो. पण ती मोजते आहे. कारण मीच तिला सांगितले की त्या जनावराचे घर कारखान्यात आहे, आणि बाप रोज तिथेच जातो. आई गेलेली पोर. ती रोज बघते, आज किती शिल्लक आहे.

खोटे होते असे तिला सांगून पाहिले. म्हणाली, "मी भिऊ नये म्हणून तुमी म्हणून राहिले." आता खरे सांगितले तरी ती खोटे मानते. म्हणून ती रशियन बाई गेली तेव्हा मला वाटले, तोंडातून निघालेले परत घेता येत नाही, पण हाताने करता येईल. त्या जनावराला लोकरीचे करीन. ती अंगावर घेईल. अंगावर घेतलेले चावत नसते.

बळीरामला हे सांगायची हिंमत नाही. तो तिला तुमसरला पाठवायला निघाला आहे आणि कारण मी आहे. तूच त्याला एक पत्र लिहिलेस तर? तू शिकलेली आहेस, तुझे तो ऐकेल.

तुझा मामा


इंदोरा, नागपूर
२३ डिसेंबर १९६०

आदरणीय मामाजी,

मी बळीरामदादाला पत्र लिहिणार नाही. शेवटचा स्लीपर तुमचाच आहे. इथे पुढची गँग नाही.

हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. बाबा वारल्यावर मी आणि आई दोन वर्षे तुमच्या क्वार्टरमध्ये होतो. लाइन दहा पावलांवर होती. तुम्ही मला सांगितले होते की दोन रुळांच्या मध्ये पाय ठेवला की माणसाची उंची तिथेच थांबते. मी बारा वर्षांची होईपर्यंत ते मानत होते. आजही लाइन ओलांडते तेव्हा रुळावरून रुळावर उडी मारते. नागपूर स्टेशनवर लोक बघत राहतात, बाई चांगली लुगडे नेसलेली आणि उड्या का मारते? पण मामाजी, त्याच दोन वर्षांत शेजारचा एक मुलगा गाडीखाली गेला, आणि मी गेले नाही. तुमच्या भीतीने माझे भलेही केले आहे. फक्त ती गोष्ट कुठे संपते ते तुम्ही कधी सांगत नाही. आम्ही आपले त्यातच राहतो.

तेव्हा गोष्ट खोटी होती असे म्हणू नका. ती पुढे न्या. पण आधी दादाला सांगा, दिवसाउजेडी, समोर बसून.

आता शाल. निमुळते झालेले उसवू नका. ती आगतोंड्याची शेपटी आहे. तशीच शेवटचा खांब सोडत सोडत न्या, टोक येईपर्यंत. मग पहिली ऐंशीची साखळी आहे ना, तिच्या दुसऱ्या बाजूला लोकर जोडा आणि तिकडे अंग विणा. या वेळी शेवटचा खांब घ्यायचा. खवल्यांसाठी एकाच घरात पाच खांब घाला, मग दोन घरे सोडून एक साधा टाका बांधा, पुन्हा दोन सोडून पुढचे पाच. शिंपल्यासारखे उमटतात. वरच्या ओळी लाल घ्या. जाळासाठी पिवळी लोकर सोबत आहे.

ललिता


खुर्सीपार, भिलाई
१७ जानेवारी १९६१

चि. ललितास धोंडबामामाचा जय भीम.

पंधरा तारीख गेली. तू वाट बघत असशील. सगळे एकामागून एक लिहितो.

बळीरामला तुझे पत्र आल्यावरच्या पहिल्या रविवारी सांगितले. तो दाढी करत होता. मी म्हटले, "हिराच्या भीतीचं कारण मी हाये," आणि सगळे सांगून टाकले. बोटांचेही. त्याने वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच. म्हणाला, "बाबा, मी पाच महिने पोरीवर ओरडून राहिलो. तुमी इथंच बसून होते. कावून नाही बोलले?"

तो अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर निघून गेला. संध्याकाळी आला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी बोलला नाही. मी विणत राहिलो, दुसरे काय करणार. शेपटी संपून अंग सुरू झाले होते. लाल खवले चांगले उमटले.

तिसऱ्या दिवशी पाळीवरून आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला. शाल हातात घेतली, उलटी करून बघितली. मग मला म्हणाला, "तोंड चुकलं तुमचं. आगीचं तोंड वरती नसते. खालून असते. वरून खाते, खालून लाल पाणी सोडते."

हिरा खाटेवर होती. तिने मान वर केली. "तुमी पायलं त्याले?"

"रोज पायतो. त्याले खाऊ कोण घालते मंग? आमीच घालतो."

"तुमी?"

"मी आन् शामरावकाका आन् आणखी दोनशे जण. दगड घालतो, कोळसा घालतो. आमी नाही गेलो तर उपाशी राह्यते ते. थंडं पडते. मंग मरूनही जाते."

पोर खाटेवरून उतरून बापाजवळ आली. मग म्हणाली, "मंग भोंगा वाजते तवा ते तुमाले बलावते?"

"हो. या म्हणते, जेवायची वेळ झाली."

तिने त्याचा हात धरला. मला वाटले मोजेल. मोजला नाही. नुसता धरून बसली. ललिता, बळीरामला तिसरीच्या पुढे मी शिकवले नाही, पण गोष्ट कुठे संपवायची ते त्याला कळते. मला कळले नसते.

त्यानंतर त्या दोघांनी मिळून मला राबवले. बाप सांगे तोंड कसे, लेक सांगे शिंगे कशी. शिंगे सरळ नकोत, शामरावकाकांच्या मिशीसारखी पाहिजेत. हे शामरावला कळले, तो येऊन मिशी दाखवून गेला. जाताना हळूच म्हणाला, "धोंडबा, लोकर उरली तं एक मफलर होते का पाहा." लाल उरली आहे.

चौदा तारखेला भोंगा झाला आणि ती खाटेखाली गेली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "आज बाबाची पाळी नाही. आज त्याले दुसरे लोक खाऊ घालतीन." मी आत बसलो होतो, हातातली सुई खाली ठेवली.

पंधराला रविवार आला. मास्तरांना विचारून ठेवले होते, ते म्हणाले सोळाला आणा. काल सकाळी तिने आंघोळ केली, वेणी घातली, आगतोंड्याला खांद्यावर घेतले. दोन्ही शिंगे छातीवर, आणि शेपटी पाठीमागे जमिनीवर दीड हात लोळत होती. मी म्हटले, "मळेल ते, गुंडाळून घे." तर म्हणाली, "नको."

आम्ही निघालो. चर अजून आहे, ललिता. अर्धी बुजवली आहे, अर्धी तशीच. ट्रक तसेच चालले आहेत. मला धाप लागली. मी उभा राहिलो आणि तिला म्हणत होतो, जरा थांब, इकडून चाल, तिकडे पाय घसरेल, आधी तो ट्रक जाऊ दे. तिने वळून माझ्याकडे पाहिले. शेपटीचे टोक उचलले आणि माझ्या हातात दिले.

"आबाजी, तुमाले भेव लागते ना? हे धरा. ते तुमाले काही नाही करत."

मी धरले. तुझ्या मामाने, एकतीस वर्षे लाइनीवर काढलेल्या माणसाने, लोकरीची शेपटी धरून ती चर पार केली. ती पुढे, मी मागे. गल्लीतल्या बाया बघत होत्या. बघू देत.

शाळेच्या दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. हिरा आत जायला निघाली आणि अडकली. मागे वळून बघते तर मी शेपटी सोडली नव्हती. मला कळलेच नाही. आतली पोरे हसायला लागली. वाटले, आता ही रडेल, परत फिरेल, सगळे संपले.

ती म्हणाली, "आबाजी, सोडा आता."

मी सोडले. शेपटी पायरीवरून वर गेली, मग दारातून आत गेली. आत एक पोरगा विचारत होता, हे काय आहे म्हणून, आणि ती मोठ्या आवाजात सांगत होती, "याले माझे बाबा खाऊ घालतेत." एवढे ऐकून मी घरी आलो. शाळा सुटायच्या एक तास आधीच परत जाऊन दारात बसलो, ते बळीरामला सांगू नकोस. आजही गेली. तुमसरचे नाव घरात कोणी काढत नाही. ठकूबाईंना बळीरामनेच पत्र टाकले, उन्हाळ्याच्या सुटीत लेक घेऊन येतो म्हणून.

आता एकच राहिले. आगतोंड्याला उघडा डोळा एकच झाला आहे, डावा नुसती रेघ आहे. उजवा मी गोल करू गेलो तर वाटीसारखा वर उचलला गेला, खोल आणि रागीट दिसतो. हिरा म्हणते, तो उसवा, दोन्ही डोळे जागे पण न रागावलेले पाहिजेत. एका डोळ्याने तो सगळ्या पोरांना डोळा मारतो, मास्तरीणबाईंनाही. गोल सपाट कसा राहतो? पहिल्या फेरीत किती खांब घालायचे आणि दुसरीत किती वाढवायचे ते लिही. शेवटचा खांब कोणाचा ते आता मला ठाऊक आहे, पण गोलाला शेवट कुठे असतो ते समजत नाही.

पोर रोज शाळेतून आल्यावर विचारते, आत्याचं पत्र आलं का. लवकर कळव, ललिता. आणि रूळ ओलांडताना उड्या मारू नकोस, पाय मुरगळेल. मध्ये पाय ठेवला तरी चालतो. उंची काही थांबत नाही.

तुझा मामा
धोंडबा